सीमाभागातल्या मुलांसाठी अद्भुत साहसकादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांतल्या साहित्य संमेलनांत बालसाहित्याचा विषय निघाला, की नंतर चहाच्या वेळी चार-दोन जण बाजूला घेऊन विचारतातच. कुणी शिक्षक असतो, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी कॉलेजात शिकणारी पोर. प्रत्येकाच्या डोक्यात एक गोष्ट असते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. मी खानापूर तालुक्यात वाढलो, शाळेत शिकवलं आणि मुलांसाठीच लिहितो. इथली उत्तरं त्या अनुभवातून आलेली आहेत.

ही कादंबरी नेमकी कोणत्या वयाच्या मुलांसाठी?

साधारण आठ ते बारा, म्हणजे तिसरी ते सातवी. या वयात मूल स्वतःचं स्वतः वाचू लागलेलं असतं आणि जादूवर विश्वास ठेवायची त्याला अजून लाज वाटत नसते. शिवाय न्याय-अन्यायाची जाणीव या वयात फार तीव्र असते. आपल्या मित्रावर खोटा आळ आला, तर पाचवीतली मुलगी रात्री झोपत नाही. कादंबरीचं बळ तिथे आहे. नायक वाचकापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा ठेवा, कारण नऊ वर्षांच्या मुलाला अकरा वर्षांच्या मुलामागून जायला आवडतं. प्रेमप्रकरण नको. मैत्री, भावंडं, भांडण, विश्वासघात आणि पुन्हा जुळलेली मैत्री एवढं भरपूर होतं.

काल्पनिक जग उभं कसं करायचं? बर्फ, ड्रॅगन, मनोरे हे सगळं लागतं का?

लागत नाही. बर्फ न पाहिलेल्या मुलासाठी बर्फ न पाहिलेल्या लेखकानं लिहिलेला बर्फ पुठ्ठ्याचाच राहतो.

दिवाळीत आपली मुलं किल्ला करतात, तो आठवा. आधी दगड-विटा रचतात, वर गोणपाट टाकतात, मग लाल मातीचा चिखल थापतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात. तळ्यात पाणी कुठून येणार, हे दोन दिवस आधी ठरलेलं असतं, त्यासाठी सलाईनची नळी मिळवून ठेवलेली असते. मावळे आणि सिंहासन सगळ्यात शेवटी येतात. मी कादंबरीचं जग याच क्रमानं बांधतो. आधी जमीन, उतार, पाणी आणि वाटा. मग तिथे काय पिकतं, लोक काय खातात, संध्याकाळी दिवा कशाचा लावतात. राजा, राक्षस आणि जादूची तलवार त्यानंतर.

आणि जमीन तर आपल्या पायाखाली तयार आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला निघते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं. त्याच तालुक्याच्या डोंगरांतून म्हादई निघते, ती पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथे तिला मांडवी म्हणतात आणि पणजीजवळ ती अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या डोंगरांतली दोन पाणी दोन समुद्रांना जातात! त्या पाणलोटाच्या धारेवर उभ्या असलेल्या मुलीच्या ओंजळीतलं पाणी कुठल्या बाजूला सांडलं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, एवढ्या एका कल्पनेवर कादंबरी उभी राहते.

भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. रॉटन यांच्या नावानं ओळखली जाणारी मोकळ्या शेपटीची वटवाघळं तिथे राहतात. जगात ती फार थोड्या ठिकाणी सापडतात आणि बरीच वर्षं फक्त याच गुहांतली म्हणून माहीत होती. त्यांना तुमच्या कथेत दूत करा, पहारेकरी करा, पण प्रत्यक्ष गुहेत शिरायला जाऊ नका. 2011 साली ते अभयारण्य झालं आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि त्या जिवांना शांतता हवी असते. घटप्रभेवर गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर उंचीवरून पडतो. हलशीला कदंबांची जुनी राजधानी होती, भूवराह-नरसिंहाचं देऊळ अजून उभं आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्तीच्या छताला दगडाचं कमळ आहे. पश्चिमेला पावसानं कुजणारं रान आणि पूर्वेला अथणीकडे कोरडी जमीन, हा सगळा पालट एकाच जिल्ह्यात दिसतो. एवढा नकाशा बहुतेक लेखकांना मनानं रचावा लागतो.

जादूला नियम हवेतच का? जादू म्हणजे जादू!

हवेत. माझ्या पहिल्या हस्तलिखितात संकट आलं की नायकाच्या गळ्यातला ताईत चमकायचा आणि सुटका व्हायची. पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवत होतो. तिसऱ्यांदा ताईत चमकला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग पहिल्यांदाच का नाही चमकवला, गुरुजी?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दीडशे पानं बाजूला ठेवली.

तेव्हापासून मी जादूबद्दल तीन गोष्टी वहीत आधी लिहितो: तिनं काय होतं, काय होत नाही, आणि ती वापरल्यावर काय गमवावं लागतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक उदाहरण देतो. बेळगावात शहापूर-वडगावकडे विणकरांची घरं आहेत, मागाचा खटखटाट ऐकत मुलं मोठी होतात. अशा घरातल्या एका मुलीला पणजीचा जुना धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन, सापडतो. त्या धोट्यानं विणलेल्या कापडात हरवलेल्या माणसाची वाट दिसते. मात्र दर वीतभर कापडामागे तिच्या तोंडातला एक शब्द कायमचा जातो. सुरुवातीला "चिमटा", "पायरी" असे किरकोळ शब्द जातात, तिला त्याचं काही वाटत नाही. मग एका सकाळी आजीला हाक मारायला ती तोंड उघडते आणि काय म्हणून हाक मारायची तेच आठवत नाही. आता वाचणारं मूल प्रत्येक वितीला श्वास धरून बसेल.

पुढची गंमत अशी, की तिची कानडी बोलणारी मैत्रीण हरवलेल्या प्रत्येक शब्दाचा आपल्या भाषेतला शब्द तिला देत जाते. "पाणी" गेलं तर "नीर" येतं. दोन भाषांत वाढणारं आपलं मूल ही गोष्ट वाचताना आपल्या रोजच्या आयुष्याकडे वेगळ्या नजरेनं पाहील. नियम नीट बसले, की कथेला हवी असलेली वळणं त्या नियमांतूनच निघतात, वेगळी शोधावी लागत नाहीत.

साहसाला निघायचं तर आई-वडिलांचं काय करायचं?

मारू नका. अनाथ नायक फार झाले, आणि वर्गात खरोखर आई किंवा वडील नसलेलं एखादं मूल असतं. ते पुस्तक त्याच्याही हातात जाणार आहे.

आपल्याकडे मोठी माणसं घरात नसण्याची कारणं आपसूक आहेत. खानापूर भागातले कितीतरी बाप कामाला गोव्यात असतात. सुगी चालू असली की घरातले सगळे शेतावर, पोरं आजीच्या हवाली. आजीला दुपारी डुलकी लागते, कादंबरीला तेवढी फट पुरते. मात्र मुलं परत आल्यावर घरच्यांना काय कळलं, काय नाही, हे सांगायला विसरू नका. मुलांना ते हवं असतं.

आणि मोबाइल?

पश्चिम खानापूरच्या रानात रेंज जाते. तुमची कथा शहरात घडत असेल, तर मोबाइल मुलाच्या हाती द्या आणि त्याचा उपयोग होणार नाही असं संकट शोधा.

भाषा कुठली वापरू? बेळगावी लिहिली तर पुण्या-मुंबईच्या मुलांना कळेल का?

हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न. मी निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवतो आणि पात्रांना घरच्यासारखं बोलू देतो. "काय करालीस गं हितं?" असं विचारलं, तर पुण्यातलं मूलही अर्थ लावतं. मुलं मोठ्यांपेक्षा या बाबतीत धीट असतात. अडचण एखाद्या शब्दाचा अर्थच वेगळा असतो तिथे येते. आपल्याकडे "खरं" म्हणजे "पण". "मी आलो असतो खरं सायकल पंक्चर झाली" हे वाक्य बाहेरच्या वाचकाला क्षणभर अडवतं. अशा वेळी पहिल्या एक-दोन वापरांत वाक्याची घडण अर्थ सांगेल अशी करा, पुढे वाचक सरावतो. तळटीप देऊ नका, गोष्ट वाचताना मुलाची नजर पानाच्या खाली उतरली की परत येत नाही.

आमच्याकडच्या बायका-मुली "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. एका मुद्रितशोधकानं माझ्या नायिकेचं प्रत्येक "आलो" लाल शाईनं "आले" केलं होतं. सगळी प्रुफं बसून परत बदलली, कारण त्या "आले"मुळे ती मुलगी भलत्याच घरातली वाटत होती. तुम्ही हस्तलिखितासोबत एक पान जोडा: कोणते शब्द, कोणती रूपं मुद्दाम ठेवली आहेत. संपादकाला ते पटवून द्यावं लागतं, आणि बहुतेक संपादकांना पटतं.

चिरमुरे हे चिरमुरेच राहू द्या. कुंदा, मांडे, रताळी, भडंग, कट्टा, अक्का, अण्णा हे शब्द मुलाच्या तोंडात आहेत तसे कागदावर आले पाहिजेत. आपल्या घरचा शब्द छापील पुस्तकात पहिल्यांदा भेटतो तेव्हा मुलाचा चेहरा काय होतो, ते मी पाहिलेलं आहे.

कानडी बोलणारी पात्रं घेऊ का? सीमाप्रश्नाचं काय?

घ्या. न घेतली तर ते जग खोटं होईल. आपल्या मुलांचे शेजारी, दुकानदार, कंडक्टर, वर्गमित्र कानडी आहेत. "बा इल्ली" (इकडे ये) अशी हाक मारली की मराठी मूल वळून बघतं, ते तसंच लिहा. देवनागरीत लिहिलेलं छोटं कानडी वाक्य आणि त्याला मिळालेला मराठी प्रतिसाद, एवढ्यानं अर्थ पोचतो. कानडी चूक लिहू नका, शेजारच्या घरात वाचून घ्या.

सीमाप्रश्न मुलांपासून लपलेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, 2014 मध्ये बेळगाव शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. हे घराघरांत बोललं जातं. मूल मात्र तो प्रश्न पाटीवरून, शाळेच्या माध्यमावरून, सरकारी अर्जावरून ओळखतं. आपल्या भाषेत पाटी नसण्याचं दुःख खरं आहे आणि ते कथेत यावं. दोन नावं असलेलं शहर अद्भुतकथेत फार सुंदर येऊ शकतं: एका नावानं हाक मारली की एक वेस उघडते, दुसऱ्या नावानं दुसरी, आणि शहराच्या पोटात शिरायला दोन्ही लागतात.

एक गोष्ट मात्र मी करणार नाही: खलनायकाला एका भाषेचा करणं. दहा वर्षांचं मूल पुस्तक मिटून शेजारच्या पोराबरोबर क्रिकेट खेळायला जाणार असतं.

भुतंखेतं, मंत्रतंत्र लिहिलं तर अंधश्रद्धा वाढणार नाही का?

शिक्षक हे विचारतात आणि त्यांचं विचारणं योग्य आहे. महाराष्ट्रानं 2013 मध्ये आणि कर्नाटकानं 2017 मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले, ते खऱ्या माणसांनी खरोखर सोसलं म्हणून.

मी स्वतःला काही बंधनं घालून घेतली आहेत. कुठलाही आजार मंत्रानं, अंगाऱ्यानं बरा होत नाही. साप चावला तर दवाखाना. जादू खऱ्या देवस्थानाला, खऱ्या नवसाला जोडायची नाही. आणि गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी चेटकीण म्हणून दाखवायची नाही, कधीही नाही. तशा संशयावरून बायकांना मारहाण झालेली आहे. उलट ती म्हातारी सगळ्यांत शहाणी निघाली तर मुलांना आवडतं.

चकवा, मुंजा, वेताळ, राखणदार यांना मी घेतो. चकवा तर साहसकथेसाठीच जन्मलेला आहे: ओळखीची वाट, ओळखीचं झाड, आणि तरी फिरून फिरून तिथेच. पण गावानं मानलेल्या राखणदाराचं नाव जसंच्या तसं उचलू नका. नाव तुमचं ठेवा, स्वभाव तुमचा द्या. गोष्ट एखाद्या आजोबांकडून ऐकली असेल तर त्यांना विचारा आणि पुस्तकात ऋण माना.

शिवाजी महाराज, राणी चन्नम्मा, संगोळी रायण्णा यांना पात्र म्हणून घेता येईल?

मी घेत नाही. इंग्रजांशी लढलेल्या रायण्णांना नंदगडला 1831 मध्ये फाशी दिलं, त्या जागी लोक आजही हात जोडतात. अशा माणसाच्या हाती आपण काल्पनिक जादू दिली तर त्याचं खरं धैर्य कमी होतं. त्यांच्या काळातलं एखादं अनाम पोर घ्या, निरोप पोचवणारं, घोड्याला पाणी दाखवणारं. राजहंसगडाच्या तटावर उभं राहून खाली बघा, असं पोर आपोआप सुचेल.

भीती किती दाखवावी?

मुलाला रात्री उठून पाणी प्यायला जाता यावं, इतपत. भीतीच्या प्रकरणात एक तरी ओळखीचा, धीराचा आवाज सोबत ठेवा.

किती लांब लिहू?

इंग्रजीत या वयाच्या अद्भुत कादंबऱ्या पन्नास-साठ हजार शब्दांच्या असतात. मराठीत मी पंचवीस ते पस्तीस हजारांच्या आत राहायला सांगेन. आपल्या बऱ्याच मुलांचं पूर्ण लांबीचं हे पहिलंच मराठी पुस्तक असतं, विशेषतः इंग्रजी किंवा कानडी माध्यमात शिकणाऱ्यांचं. छपाईचा हिशोबही डोक्यात ठेवा. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा गठ्ठा. मोठ्या टाइपात पानाला सव्वादोनशे शब्द धरले, तर तीस हजार शब्दांना साधारण 134 पानं होतात, चित्रं आणि सुरुवातीची पानं धरून 144, म्हणजे बरोबर नऊ फॉर्म. प्रकरण दीड-दोन हजार शब्दांचं ठेवा, झोपायच्या आधी एका बैठकीत संपेल असं.

चित्रं मी काढून घ्यायची का?

प्रकाशक असेल तर ते काम त्याचं. तुम्ही नकाशा मात्र स्वतः काढा, वेडावाकडा चालेल.

लिहिलेलं जमलं की नाही, कसं ओळखायचं?

मुलांना वाचून दाखवा, आपलं नाव न सांगता. "आवडलं का?" असं विचारू नका, गुरुजींना नाही म्हणायला मुलं धजत नाहीत. वाचताना पायांकडे बघा. पाय हलायला लागले, पाटीवर पेन्सिल फिरायला लागली, की त्या ओळीवर खूण करा. तिथे बहुधा वर्णन लांबलेलं असतं किंवा मोठी माणसं एकमेकांशी बोलत असतात. दुसऱ्या दिवशी कालची गोष्ट मुलांनाच सांगायला लावा. त्यांनी जे गाळलं ते तुम्हीही गाळून बघा.

छापायला कुठं पाठवू? कर्नाटकात राहतो म्हणून अडेल का?

लेखक कुठे राहतो यावर मराठी पुस्तक अडत नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून भाषावार दिला जातो, राज्यावार नाही. कादंबरीआधी कथा पाठवून हात बसवा. बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतं, जुने अंक फुकट वाचायला मिळतात, ते आधी वाचा. "साधना"चा बालकुमार दिवाळी अंक निघतो. उत्तराला महिने लागतात. माझं एक हस्तलिखित एका प्रकाशकाकडे वर्षाहून जास्त पडून होतं आणि शेवटी पोच न देता परत आलं. मूळ प्रत जवळ ठेवा.

करार सही करण्याआधी घरी आणून वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं हक्क तुमचा असतो, हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं, नोंदणी न करताही. करारात मुदत लिहिलीच नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. "सर्व हक्क कायमचे" असे शब्द दिसले तर थांबा. सीमाभागातल्या लेखकानं कानडी अनुवादाचा हक्क वेगळा राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण ते पुस्तक शेजारच्या मुलापर्यंत जाण्याची शक्यता खरी आहे. स्वतः छापणार असाल, तर आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

माझं सगळं शिक्षण कानडी माध्यमात झालं. मराठी बोलतो, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. मी लिहू का?

निपाणीपासून कारवारपर्यंत मला हा प्रश्न खालच्या आवाजात विचारला गेला आहे. लिहा. ऱ्हस्व-दीर्घ दुसरा माणूस दुरुस्त करतो, ते काम करणारी माणसं असतात. तुमच्या कानातली मराठी मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही. हात अडत असेल तर आधी मोबाइलवर बोलून गोष्ट रेकॉर्ड करा, जशी घरच्या पोराला सांगाल तशी, मग ऐकत ऐकत उतरवा. घरात आजी असेल तर तिलाही बोलतं करा आणि तिची वाक्यं दुरुस्त न करता वहीत घ्या. पहिलं प्रकरण झालं की एखाद्या मराठी शाळेच्या शिक्षकाला दाखवा. शुद्धलेखन त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि "आलो"चं "आले" करू नका एवढं आधीच सांगून ठेवा.